रक्ततपासणी आणि पाळणा : एकाच फेरीत दोन्ही सल्ले



दर वर्षी खरिपाच्या तोंडावर आम्ही विस्ताराच्या कामातली माणसे गावोगाव सांगत फिरतो, की माती तपासून घ्या. पुष्कळ जण तपासतातही. महिन्याभराने कागद येतो. सामू इतका, नत्र कमी, स्फुरद मध्यम, पालाश भरपूर. मग तो कागद घडी घालून कपाटात जातो आणि युरियाची गोणी मागच्या वर्षीसारखीच फुटते. तपासणी झाली, पण पुढे काय करायचे ते कुणी नीट बसून सांगितले नाही, तर ती तपासणी वाया गेली. नुसता निकाल म्हणजे सल्ला नव्हे.

आज मात्र मी मातीबद्दल लिहिणार नाही. माणसाच्या रक्ताच्या तपासणीबद्दल लिहिणार आहे, आणि तीही एच.आय.व्ही.च्या. तुम्ही म्हणाल, कृषी अधिकाऱ्याने हे काय चालवले? पण माझी नोकरी उसाच्या पट्ट्यात गेली. हंगामात ट्रॅक्टर-ट्रक घेऊन सहा-सहा महिने घराबाहेर राहणारे चालक, पाचटाच्या कोपीत बिऱ्हाड थाटणारी कोयत्याची जोडपी, मुंबई-पुण्याला हमालीला जाणारे तरुण, ही सारी आपल्याच घरची माणसे. यांच्या बांधावर बसून मी पिकाच्या गोष्टी केल्या, तशा त्यांनीही घरच्या गोष्टी मला सांगितल्या. त्यातलीच एक आज सांगतो. त्या दोघांनी परवानगी दिली आहे. नाव आणि गाव मात्र विचारू नका.

एका घरची गोष्ट

आमच्या प्रात्यक्षिक प्लॉटचा तो शेतकरी. दोन एकर बागायत, आणि हंगामात कारखान्याला ऊस ओढायला ट्रॅक्टरवर चालक. लग्नानंतर वर्षभरात घरात आनंदाची बातमी आली. आशाताईंनी नाव नोंदवले, सरकारी रुग्णालयात सगळ्या तपासण्या झाल्या, आणि तिच्या रक्तात एच.आय.व्ही. निघाला. मग त्याचीही तपासणी झाली, तोही बाधित निघाला. हे साल २०१४.

त्यांचे नशीब असे, की त्याच वर्षापासून आपल्या देशात बाधित गरोदर स्त्रीला आयुष्यभराची औषधे लगेच सुरू करण्याचे धोरण आले होते. तिने एकही गोळी चुकवली नाही. बाळंतपण रुग्णालयात झाले, मुलगी झाली, तिला जन्मल्याबरोबर औषध मिळाले. पुढच्या सगळ्या तपासण्यांत पोर निरोगी ठरली. त्या घराने मला पेढे दिले, तेव्हा ते कशाचे हे मला ठाऊक नव्हते.

दर महिन्याला दोघे औषध आणायला जात. गोळ्या मोजल्या जात, वजन होई, "चुकवू नका" असे बजावले जाई. पण "पुढचे मूल हवे आहे का? हवे असेल तर केव्हा? तोवर काय वापरता?" हे तीन प्रश्न कुणी विचारले नाहीत. कुटुंबनियोजनाची खोली त्याच आवारात, दुसऱ्या इमारतीत होती. तिथे जावे असे कुणी सुचवले नाही, आणि आपणहून विचारायची तिला लाज वाटली.

मुलगी अकरा महिन्यांची असताना तिला पुन्हा दिवस गेले. "असला आजार असून पुन्हा पोट वाढवलंस?" असे कुणीतरी बोलेल, या भीतीने तिने नाव नोंदवले नाही. रुग्णालयात जाणे टाळले, म्हणजे औषधही सुटले. ती माहेरी गेली. तिथे कुणाला काही माहीत नव्हते. २०१६ साली बाळंतपण घरीच झाले. मुलगा झाला. आठ महिन्यांचा असताना तो सारखा आजारी पडू लागला, वजन धरेना. तपासला तेव्हा तो बाधित निघाला.

आज ते पोर शाळेत जाते, हसते, खेळते. औषधाने त्याची प्रकृती चांगली आहे. पण ते औषध त्याला जन्मभर घ्यायचे आहे. त्याचा बाप एकदा बांधावर बसून मला म्हणाला, "सायेब, उसाच्या दोन सऱ्यांत किती अंतर ठेवायचं, ते तुमी शिवारात येऊन सांगता. दोन लेकरांत किती ठेवायचं, ते आमाला कुनी का सांगितलं न्हाई?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. म्हणून हा लेख.

दोन खोल्या कशा झाल्या?

आपल्या महाराष्ट्राला संततिनियमनाचा विचार नवा नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. लोकांची बोलणी खाल्ली, पण काम सोडले नाही. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली देशाचा कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू झाला. १९६८ साली निरोध आला. १९७५ ते ७७ च्या आणीबाणीत ऑपरेशनची सक्ती झाली आणि लोक बिथरले, हेही जुन्या माणसांना आठवत असेल. त्यातून एक धडा मिळाला, की पाळण्याच्या बाबतीत सक्ती चालत नाही, समजूतच चालते.

एच.आय.व्ही. आपल्या देशात प्रथम सापडला तो १९८६ साली, तेव्हाच्या मद्रासमध्ये. १९९२ साली त्यासाठी राष्ट्रीय संघटना उभी राहिली. २००४ पासून सरकारी केंद्रांत औषधे फुकट मिळू लागली. स्वेच्छेने येणाऱ्यांची तपासणी एकीकडे आणि गरोदर स्त्रियांची दुसरीकडे, असे आधी होते. २००६ साली ही दोन्ही कामे एकत्र करून 'एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र' झाले. त्यालाच आपण आय.सी.टी.सी. म्हणतो.

एकात्मिक हा शब्द तुम्हाला कीड नियंत्रणामुळे ठाऊक आहे. सापळा, मित्रकीटक, फेरपालट आणि गरज पडली तरच फवारणी, हे सारे एका हाताने करायचे. एकाने फवारायचे आणि दुसऱ्याने त्याच दिवशी मित्रकीटक सोडायचे, असे केले तर दोघांचेही काम फुकट जाते. या केंद्रात एच.आय.व्ही.ची दोन कामे एकत्र आली खरी, पण कुटुंबनियोजन वेगळ्या खात्याच्या वेगळ्या खोलीत राहिले. समुपदेशकाने पाळण्याबद्दल बोलावे, हे त्याच्या कामातच धरलेले आहे. पण गर्दी असते, वेळ नसतो, आणि तांबी, इंजेक्शन ही साधने त्या खोलीत नसतात. बाई एका दारातून बाहेर पडते, ती दुसऱ्या दारापर्यंत पोचतच नाही.

दोन्ही एकत्र का हवे?

आईकडून बाळाला लागण होऊ नये यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने चार खांब सांगितले आहेत. पहिला, तरुण स्त्रियांना मुळात लागणच होऊ न देणे. दुसरा, बाधित स्त्रीला नको असलेली गर्भधारणा टाळण्यास मदत करणे. तिसरा, गर्भारपण, बाळंतपण आणि अंगावर पाजण्याच्या काळात औषधे देऊन बाळाला वाचवणे. चौथा, आई, बाळ आणि घर यांची पुढे काळजी घेणे. तिसऱ्या खांबावर आपण पुष्कळ मेहनत घेतली. दुसरा खांब मात्र बारीक राहिला. वरच्या घरातले छप्पर त्याच बाजूने खचले.

काहीच उपाय केला नाही, तर बाधित आईच्या शंभर बाळांपैकी पंधरा ते पंचेचाळीस बाळांना लागण होते. औषधे नियमित घेतली आणि सर्व काळजी घेतली, तर हे प्रमाण पाचाच्या खाली येते. पण हे औषध ठरलेल्या, नोंदवलेल्या गर्भारपणात नीट पोचते. लपवलेल्या गर्भारपणात पोचत नाही.

आता उलटी बाजू पाहा. पाळणा लांबवायला येणाऱ्या स्त्रीलाही एच.आय.व्ही.चा सल्ला तितकाच हवा. आफ्रिकेतील दक्षिण आफ्रिका, केनिया, झांबिया आणि एस्वातिनी या चार देशांत मोठी चाचणी झाली, तिचा निकाल २०१९ साली आला. इंजेक्शन, तांबी किंवा दंडात बसवायची कांडी यांपैकी एक साधन घेतलेल्या ७,८२९ स्त्रियांवर लक्ष ठेवले होते. इंजेक्शनने एच.आय.व्ही.चा धोका वाढतो का, हे पाहायचे होते. तिन्ही साधनांत मोठा फरक दिसला नाही, तेव्हा साधनाची भीती गेली. पण चाचणीच्या काळात ३९७ स्त्रियांना लागण झाली. मूल राहण्यापासून त्यांचे रक्षण झाले, विषाणूपासून झाले नाही. आपल्याकडे लागणीचे प्रमाण तिथल्यापेक्षा पुष्कळ कमी आहे, पण धडा तोच आहे.

आपल्या राज्यात सर्वांत जास्त चालणारे साधन म्हणजे बाईचे ऑपरेशन. "ऑपरेशन झालंय, आता निरोध कशाला?" असे म्हणणारी घरे मी शेकड्यांनी पाहिली. बांधाला काटेरी कुंपण घातले म्हणून टोळधाड थांबत नाही. ऑपरेशन, तांबी, गोळ्या, इंजेक्शन यांनी मूल थांबते, एच.आय.व्ही. किंवा गरमी थांबत नाही. दोन्हींपासून राखणारे साधन एकच, ते म्हणजे निरोध.

कोणते साधन कुणाला?

बाधित स्त्रीला बहुतेक सर्व साधने चालतात. 'तुला काही चालायचे नाही' असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. खालील माहिती लक्षात ठेवा आणि निवड डॉक्टरांच्या सल्ल्याने करा.

१) निरोध : प्रत्येक वेळी, नवा, आणि नीट वापरला तरच उपयोग. खोबरेल किंवा व्हॅसलीन लावल्यास रबर कमकुवत होऊन फाटते. ट्रकच्या केबिनमध्ये, पत्र्याखाली किंवा पाकिटात ठेवू नये, उष्णतेने खराब होतो. वेष्टनावरची तारीख पाहावी. नेहमीच्या वापरात चुका होतातच, म्हणून मूल नको असेल तर जोडीला दुसरे साधन असणे बरे.

२) तांबी : एक प्रकार पाच वर्षे, दुसरा दहा वर्षे चालतो. बाळंतपणानंतर अठ्ठेचाळीस तासांच्या आत रुग्णालयातच बसवता येते. औषधे नियमित घेऊन प्रकृती बरी असलेल्या बाधित स्त्रीला चालते. अंगावरून वास येणारे पाणी जात असेल किंवा ओटीपोटात दुखत असेल, तर आधी उपचार, मग तांबी.

३) अंतरा इंजेक्शन : दर तीन महिन्यांनी. सरकारी रुग्णालयांत २०१७ पासून आले. अंगावर पाजणाऱ्या आईला बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी घेता येते. पाळी पुढे-मागे होते किंवा थांबते, त्याला घाबरू नये.

४) छाया गोळी : पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा. हिच्यात हार्मोन नाही. अंगावर पाजणाऱ्या आईला चालते.

५) माला-एन गोळी : रोज एक. बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत पाजणाऱ्या आईने घेऊ नये. क्षयरोगाचे रिफाम्पिसिन हे औषध चालू असेल, तर या गोळीचा परिणाम कमी होतो. एच.आय.व्ही. आणि क्षय पुष्कळदा बरोबर येतात, म्हणून चालू असलेल्या सगळ्या औषधांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे.

६) पुरुषाचे बिनटाक्याचे ऑपरेशन : बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपे. ताकद कमी होत नाही, नांगर धरता येतो. पुढचे तीन महिने, आणि वीर्याची तपासणी होईपर्यंत, निरोध वापरावा लागतो. शेतकरी बंधूंनो, सगळा भार घरच्या लक्ष्मीवरच का?

मूल हवे असेल तर

आजार आहे म्हणून मूल नकोच, असे आता नाही. हे मी मुद्दाम ठळकपणे सांगतो. नियमित औषधाने रक्तातले विषाणू इतके कमी होतात, की तपासणीत सापडत नाहीत. ही तपासणी सरकारी केंद्रातून फुकट होते. विषाणू सापडेनासे झाले आणि औषध अखंड चालू राहिले, तर त्या माणसाकडून संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी दोघांची तपासणी. बाधित असेल त्याचे औषध सुरू. विषाणू सापडत नाहीत हा अहवाल हातात येईपर्यंत पाळणा लांबवायचा. मग डॉक्टरांना सांगून दिवस राहू द्यायचे. राहिले की लगेच नोंदणी, बाळंतपण रुग्णालयातच. बाळाला जन्मतः औषध, सहा आठवड्यांनी पहिली तपासणी आणि अठरा महिन्यांनी शेवटची खात्री. पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध द्यावे. वरचे दूध, गुटी, मध, पाणी, काही नाही. पुढचे दिवस राहण्याआधी मूल किमान दोन वर्षांचे होऊ द्यावे. आईचे अंग भरून येते आणि औषधाची शिस्तही राहते. वाफसा आल्यावर पेरणी करणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

नेहमीच्या शंका

*तपासणी केली की गावभर होईल का?* नाही. तपासणी संमतीनेच होते. एच.आय.व्ही.बाबतचा कायदा २०१७ साली झाला आणि सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार तुमच्या परवानगीशिवाय निकाल इतरांना सांगता येत नाही. नोकरीत, शाळेत, दवाखान्यात, भाड्याच्या घरात भेदभाव करता येत नाही.

*बाधित गरोदर बाईला गर्भपात किंवा ऑपरेशन करायला लावतात का?* तिची माहितीपूर्वक संमती नसेल तर तसे करता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. निर्णय तिचा. आपण फक्त माहिती द्यायची.

*तपासणीचा निकाल कधी मिळतो?* बहुधा त्याच दिवशी. पहिली चाचणी सकारात्मक आली तर आणखी वेगळ्या चाचण्या करून खात्री करतात. अगदी अलीकडे लागण झाली असेल तर ती लगेच दिसत नाही, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगतात.

*एकच जण बाधित असेल तर?* असे पुष्कळदा असते. बाधिताने औषध, दोघांनी निरोध आणि निरोगी जोडीदाराने ठरलेल्या मुदतीने तपासणी. सोबत पाळण्याचा सल्ला आहेच.

*औषधे चालू असताना दिवस राहत नाहीत, हे खरे का?* साफ चूक. त्या गोळ्या विषाणूवर आहेत, गर्भधारणेवर नाहीत. उलट प्रकृती सुधारली की दिवस राहण्याची शक्यता वाढते. वरच्या घरात हाच गैरसमज होता.

आपण काय करावे?

एका तालुक्यात मी एक समुपदेशक ताई पाहिल्या. त्या निकाल सांगून झाला की बाईला विचारायच्या, "ताई, पाळण्याचं काय ठरवलंय?" आणि उत्तर काहीही असो, स्वतः उठून तिला पुढच्या खोलीतल्या सिस्टरपर्यंत सोडून यायच्या. बोर्ड दाखवायच्या नाहीत, बरोबर चालत जायच्या. खर्च एक पैसा नाही, वेळ पाच मिनिटे. तिथल्या बायका तिसऱ्या महिन्याला इंजेक्शनला आणि औषधाला एकाच दिवशी येत. एक खाडा, एक तिकीट. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला याची किंमत कळते.

हे प्रत्येक गावाला मागता येईल. रुग्ण कल्याण समितीत तुमच्यापैकी कुणी असेल, तर तिथे मांडा, की तपासणी आणि औषधाच्या खोलीतच निरोध, छाया गोळी आणि तातडीची गोळी ठेवावी, आणि तांबी-इंजेक्शनचा वार औषधाच्या वारालाच धरावा. गावच्या आरोग्य व पोषण दिवशी आशाताईंना बसायला आडोसा द्या, म्हणजे बायका मोकळेपणाने बोलतील. दसरा-दिवाळीला टोळ्या ऊसतोडीला निघण्यापूर्वी त्यांची तपासणी व्हावी. पुढच्या सहा महिन्यांच्या साधनांची सोय बरोबर असावी, आणि औषध घेणाऱ्यांनी कारखान्याच्या भागातले केंद्र आधीच विचारून घ्यावे.

आणि तुम्ही स्वतः केंद्रात जाल तेव्हा कुणी विचारण्याची वाट पाहू नका. पुढील चार गोष्टी तुम्हीच विचारा :

अ) माझ्या औषधांबरोबर कोणते साधन चालेल?
आ) ते आज, इथेच मिळेल का? नसेल तर कुठे, कोणत्या वारी?
इ) मूल हवे असेल तर कधी योग्य?
ई) जोडीदाराची तपासणी कधी करायची?

तोंडाने विचारायला लाज वाटली, तर हा भाग कापून घेऊन जा आणि समोर ठेवा. घरबसल्या विचारायचे असेल तर १०९७ या क्रमांकावर फुकट फोन करता येतो. नाव सांगावे लागत नाही.

मला स्वतःला एक गोष्ट कबूल करायची आहे. त्या चालकाच्या घरी मी दोन वर्षे जात होतो. पहिल्या मुलीच्या वेळी घरात काहीतरी आहे, हे मला उमगले होते. पण 'हे आपले खाते नव्हे' म्हणून मी पाचट कुजवण्याबद्दल बोलून परत येत राहिलो. समुपदेशकाचे एक खाते, सिस्टरचे दुसरे, माझे तिसरे. घर मात्र एकच होते.

परवा त्या चालकाची मुलगी भेटली. तिला सगळे ठाऊक आहे. रात्री आठ वाजले की भावाला गोळी आणि पाण्याचा तांब्या तीच देते. मी विचारले, "कंटाळत नाही का गं?" तर म्हणाली, "त्याला एकट्याला आठवत नाही, काका. मी आठवण करते."

एवढीशी पोर जे करते, ते आपल्याला का जमू नये? पुढच्या वेळी तपासणीला किंवा औषधाला जाल, तेव्हा पाळण्याचा प्रश्न विचारल्याशिवाय त्या खोलीतून उठू नका. आणि शेजारची वहिनी जात असेल, तर तिलाही आठवण करा.